जीव घेणे आणि वाट अडवणे

ओडिशाच्या किनाऱ्यालगत पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले चिलिका सरोवर जमिनीने वेढलेले दिसत असले तरी ते जगते समुद्राच्या भरती-ओहोटीवर. उन्हाळ्यात त्याचा पसारा सुमारे 900 चौरस किलोमीटरवर येतो आणि पावसाळ्यात 1,100 च्या पुढे जातो. उत्तरेकडून दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी आणि त्यासोबत गाळ येतो, तर पूर्वेकडच्या वाळूच्या दांड्यातून फुटलेल्या मुखातून खारे पाणी आत शिरते. या दोन पाण्यांच्या मिलाफावर खैंगा, म्हणजे आपल्याकडची बोय, भेकटी, म्हणजे आपला जिताडा, बागदा कोळंबी आणि खाडीतले खेकडे वाढतात, आणि त्यांच्यावर शंभराहून अधिक गावांतली दोन लाखांच्या आसपास माणसे जगतात. अशा सरोवराबद्दल बोलायचे तर मासळी किती आहे, पाणी किती खारे आहे, कोणत्या भागात जाळे टाकायला परवानगी आहे, असे प्रश्न आधी निघतात. ते महत्त्वाचेच आहेत. पण त्या सगळ्यांच्या तळाशी धर्माचा एक जुना प्रश्न आहे. माशाचा जीव घेऊन जगणाऱ्या माणसाच्या माथी किती पाप येते, आणि ते नेमके त्याच्या कोणत्या कृतीत असते? आपल्या परंपरेने बहुतेक वेळा जीव घेणाऱ्या हाताकडे बोट दाखवले. चिलिकाचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर ते बोट चुकीच्या दिशेला आहे असे मला वाटते. पाण्यातला मोठा अधर्म मासा मारण्यात नाही, माशाची वाट अडवण्यात आहे. आणि वाट अडवणाऱ्याला अनेकदा माशाला हातही लावावा लागत नाही.

जीव घेणाऱ्या हाताला दोषी धरण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. मनुस्मृतीत मासे खाणाऱ्याला सर्वमांसभक्षक ठरवले आहे, आणि लगेच पुढे काही माशांना सवलतही दिली आहे. बौद्ध आणि जैन परंपरांनी जीवहत्येवर चालणारे धंदे निषिद्ध मानले. कोळी, पारधी, खाटीक यांची गणना हीन व्यवसायांत झाली, आणि जातीच्या उतरंडीत त्यांची जागा त्यावरून ठरली. परंतु याच परंपरेच्या पोटात या सवयीला छेद देणारा विचारही आहे. वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकतो आणि कौशिक नावाच्या विद्वान ब्राह्मणाला धर्म शिकवतो. शेतकरी नांगर चालवतो तेव्हा जमिनीतले असंख्य जीव मरतात, हे तो त्याला दाखवून देतो. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात अहिंसेचे अपवाद तपासताना महाभारतातल्या याच तऱ्हेच्या वचनांचा आधार घेतला; डोळ्यांना न दिसणारे जीव पापणीच्या उघडझापीनेही मरतात, मग केवळ जीव गेला एवढ्यावरून पाप कसे मोजायचे, हा त्यांचा प्रश्न होता. मनुस्मृतीतच घातक कोणाला म्हणावे याची यादी आहे. तीत मारणाऱ्याबरोबर अनुमती देणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा हे सगळे येतात. योगसूत्रांनी हिंसेचे केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली असे तीन प्रकार सांगितले. म्हणजे दोष एका हातावर संपत नाही, हे शास्त्रकारांना ठाऊक होते. समाजाने मात्र ही यादी सोयीने वाचली. तिच्यातला मारणारा तेवढा हीन ठरला. अनुमती देणारा आणि खाणारा सुखरूप सुटले.

या संदर्भात अनुशासनपर्वातली च्यवन ऋषींची कथा मला फार मोलाची वाटते, कारण ती प्रत्यक्ष मासेमारीवर आहे. च्यवन गंगा-यमुनेच्या संगमात बारा वर्षे पाण्यात राहून व्रत करतात आणि मासे त्यांचे सोबती होतात. एके दिवशी निषाद कोळी जाळे ओढतात तेव्हा माशांबरोबर ऋषीही किनाऱ्यावर येतात. कोळी घाबरतात, क्षमा मागतात. माशांची तडफड पाहून कळवळलेले च्यवन म्हणतात की इतके दिवस ज्यांच्यासोबत राहिलो त्यांना सोडून मी एकटा सुटणार नाही. मरायचे तर त्यांच्यासोबत, विकले जायचे तर त्यांच्यासोबतच. राजा नहुष येऊन त्यांचे मोल द्यायला निघतो. हजार नाण्यांपासून सुरुवात होते आणि अख्ख्या राज्यापर्यंत बोली चढते, तरी च्यवन एकही किंमत योग्य मानत नाहीत. शेवटी एक गाय हे मोल ठरते, आणि ऋषींच्या आशीर्वादाने निषाद आणि मासे दोघेही स्वर्गाला जातात. कथेत कोळ्यांना शाप नाही, उपदेश करून त्यांचा धंदाही बंद केलेला नाही. माशांचे दुःख खोटे ठरवलेले नाही आणि कोळ्यांचे पोटही विसरलेले नाही. सगळी अडचण राजाच्या मोलात आहे. जे पाण्यातून निघाले त्याची किंमत नाण्यांत किंवा राज्यात करणे च्यवनांना अमान्य आहे. चिलिकामध्ये 1980 च्या दशकात नेमकी तीच बोली सुरू झाली, आणि ती थांबवायला कोणी च्यवन नव्हते.

आधी सरोवराची घडण समजून घ्यावी लागते, कारण धर्माचा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. खैंगा सरोवरात वाढते, पण अंडी घालायला समुद्रात जाते. तिची पिल्ले भरतीबरोबर मुखातून परत आत येतात. बागदा कोळंबीचेही तसेच आहे. तिचा जन्म समुद्रात होतो, बाळपण सरोवराच्या उथळ, गवताळ कडांत जाते आणि वाढ झाली की ती पुन्हा समुद्राची वाट धरते. या जीवांचे घर एका जागी नाही. त्यांचे घर म्हणजे जाण्या-येण्याची वाट. आता किनाऱ्यालगत लाटांबरोबर वाळू सतत सरकत असते आणि तिने चिलिकाचे मुख हळूहळू उत्तरेकडे ढकलले, अरुंद केले. वरून नद्यांचा गाळ आला. भरतीच्या पाण्याला सरोवराच्या मुख्य भागापर्यंत पोचायला लांबच लांब वाहिनी ओलांडावी लागे, आणि तिथवर येईपर्यंत त्याचा जोर सरे. खारेपणा घटला, गोड्या पाण्यातले तण माजले. 1980 च्या दशकाच्या मध्याला वर्षाला सुमारे 8,600 टन मासळी देणाऱ्या सरोवरातून 1999-2000 मध्ये जेमतेम 1,750 टन निघाली. 1981 मध्ये रामसर करारात नोंदलेल्या या पाणथळीचे नाव 1993 मध्ये बिघडत चाललेल्या स्थळांच्या माँत्रे यादीत गेले. 23 सप्टेंबर 2000 रोजी चिलिका विकास प्राधिकरणाने सिपकुडाजवळ नवे मुख उघडले. समुद्रापर्यंतची वाट 18 किलोमीटरने कमी झाली, आणि 2001-02 च्या हंगामात मासळी 12,000 टनांच्या आसपास पोचली. 2002 मध्ये सरोवर त्या यादीतून बाहेरही आले. एवढ्या थोड्या काळात सरोवरातले कोळी सज्जन झाले नव्हते, त्यांची जाळीही कमी झाली नव्हती. बदलली होती फक्त वाट. जीव घेणाऱ्या हातांवरून सरोवराचे बरे-वाईट ठरत असते तर हा आकडा समजावून सांगता आला नसता.

मात्र वाट बुजण्याचे सगळे खापर वाळूवर फोडून चालणार नाही, कारण सरोवराच्या आत माणसानेही वाटा बुजवल्या. चिलिकावर केउट, खटिया, कंदरा, तिअर, नोलिया अशा जातींचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले; कोणाचे साधन जाळे, कोणाचे बांबूचे सापळे, आणि त्यांचे पाण्याचे भागही परंपरेने ठरलेले. त्यांच्या जुन्या पद्धतींत एक पद्धत जानोची. पावसाळा संपून पाणी उतरू लागले की उपसागरासारख्या एखाद्या भागाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे कुंपण घालायचे आणि ओसरत्या पाण्यात अडकलेली मोठी मासळी धरायची. इथे कोणी म्हणेल की ही वाट अडवणेच झाले. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच जानो बारकाईने पाहायला हवी. कामट्यांमध्ये फटी असत, त्यांतून पिल्ले निसटत. हंगाम संपला की कुंपण काढले जाई आणि पाणी पुन्हा सगळ्यांचे होई. अडवणूक होती, पण तिला मुदत होती आणि तिच्यात भोके होती. आता घेरी पाहा. उथळ कडेला खांब रोवून त्यांना बारीक विणीची नायलॉनची जाळी बांधायची. या जाळीला तिथे झिरो जाळ म्हणतात. आत कोळंबीचे बी सोडायचे आणि ती विकण्याजोगी होईपर्यंत पाणी आपले म्हणून राखायचे. या जाळीतून पिल्लूही निसटत नाही. तिच्यामुळे पाण्याचा प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, तण वाढते, आणि जी उथळ जागा माशांच्या पिल्लांची शाळा होती ती खाजगी आवार बनते. इथल्या दीडशेच्या आसपास इरावती डॉल्फिनांच्याही वाटेत या भिंती येतात. शिवाय घेरीसाठी समुद्रातून येणारे बागद्याचे बी गोळा करताना त्याच जाळ्यात आलेली इतर माशांची, खेकड्यांची पिल्ले वेचून फेकली जातात. ती कोणाच्या ताटात जात नाहीत, कोणाच्या हिशेबातही येत नाहीत.

हे कशासाठी झाले ते उघड आहे. 1980 च्या दशकात बागद्याला परदेशात मोठा भाव आला आणि पाण्याच्या काठावरची उथळ जागा एकाएकी सोन्याची ठरली. 1991 मध्ये ओडिशा सरकारने मासे धरण्याची आणि कोळंबी वाढवण्याची अशी दोन वेगळी क्षेत्रे ठरवणारे भाडेपट्ट्याचे धोरण आणले, आणि त्यामुळे जे परंपरेने कोळी नव्हते त्यांनाही पाण्यात शिरायची वाट मिळाली. टाटा समूह आणि राज्य सरकार यांच्या संयुक्त कोळंबी प्रकल्पाविरुद्ध चिलिका बचाओ आंदोलन उभे राहिले, 1992 च्या सुमारास ते शिगेला पोचले, आणि तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चिलिका आणि पुलिकत या सरोवरांपासून 1,000 मीटरच्या आत, पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धती सोडून, कोळंबीशेतीला मनाई केली. तरी घेऱ्या गेल्या नाहीत. 29 मे 1999 रोजी घेऱ्या मोडण्यावरून पेटलेल्या संघर्षात सोरान गावी पोलिसांच्या गोळीबारात चार माणसे मेली. ज्यांच्या नावे पाणी अडवले होते, ज्यांनी पैसा पुरवला होता आणि ज्यांनी डोळेझाक केली होती, त्यांच्यापैकी कोणाचेही हात माशाच्या रक्ताने माखले नव्हते. अनुमती देणारा आणि विकत घेणारा या दोघांना घातक म्हणणाऱ्या यादीचा अर्थ इथे लागतो. आपल्या कोणत्याही पापाच्या यादीत जाळे ओढणाऱ्या केउटाचे नाव सहज सापडते. घेरीचा भांडवलदार त्यात शोधायला मात्र शास्त्र नीट उलगडून वाचावे लागते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप अहिंसेच्या बाजूनेच येतो. तो असा: जीव तो जीव. नवे मुख उघडल्यावर 1,750 टनांच्या जागी 12,000 टन मासळी निघाली, म्हणजे दर हंगामाला सातपट प्राणी मरू लागले. याला धर्माचा विजय कसा म्हणायचा? या आक्षेपाला टाळून पुढे जाता येत नाही, आणि त्यातला अर्धा भाग मी मान्यही करतो. टनांचा आकडा हा सरोवराच्या कल्याणाचा पुरावा म्हणून मिरवला जातो तेव्हा मासा पुन्हा केवळ माल ठरतो, आणि मरणाऱ्या माशाचे मरण मरणच राहते. च्यवनांनीही ती तडफड नाकारली नव्हती. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग तर्काला टिकत नाही. मेलेल्या जिवांची संख्या हाच हिंसेचा एकमेव मापदंड धरला तर जिथे एकही मासा उरला नाही ते मेलेले सरोवर सर्वांत अहिंसक ठरेल, कारण तिथे मारायला काही उरलेलेच नाही. ज्या तत्त्वाने तण माजलेल्या, माशांना मुकलेल्या पाण्याला भरलेल्या पाण्यापेक्षा पवित्र मानावे लागते, ते तत्त्व करुणेचे असू शकत नाही. आणि ज्या परंपरेने अहिंसेचा विचार सर्वांत कठोरपणे केला, त्या जैन परंपरेनेही एवढ्यावर थांबणे पसंत केलेले नाही. श्रावकांनी टाळायच्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे पाप ओढवून आणणाऱ्या व्यवसायांत, वणवा लावणे आहे आणि सरोवरे, तळी आटवणेही आहे. ते जीवहत्येच्या सर्वसाधारण निषेधात विरघळू दिलेले नाही, वेगळे नाव देऊन मोजले आहे. जिथे जीव राहतात ती जागा नष्ट करणे हा एक-एक जीव मारण्यापेक्षा निराळ्या जातीचा अपराध आहे, हे त्या आचार्यांनी ओळखले होते. घेरीने उथळ पाण्याची कड गाळाने भरून जाते, तेव्हा सरोवर आटवण्याचेच काम हप्त्याहप्त्याने चाललेले असते.

अशोकाचा दाखलाही इथे परका नाही. कलिंगयुद्धानंतरचे त्याचे शिलालेख ज्या धौलीला आहेत, तिच्या पायथ्याशी दया नदी वाहते आणि पुढे चिलिकाला मिळते. राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर काढलेल्या पाचव्या स्तंभलेखात त्याने काही प्राण्यांची हत्या कायमची बंद केली, त्यात काही प्रकारचे मासेही आहेत. उरलेल्या माशांसाठी त्याने दिवस ठरवले: चातुर्मासांच्या पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस. त्या दिवशी मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. त्या दिवसांत कोळ्यांच्या राखीव पाण्यात इतर प्राणीही मारू नयेत असे तो सांगतो, म्हणजे कोळ्यांचे राखीव पाणी ही गोष्ट तेव्हाही होती आणि राजाला ती मान्य होती. त्याच लेखात विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी वनांना आग लावू नये, जीव असलेला भुसा जाळू नये, अशाही आज्ञा आहेत. रक्ताने हेलावलेल्या माणसाने लिहिलेली ही आज्ञा सरसकट मासेमारीबंदीची नाही. तो हत्येला मुदत घालतो आणि जिवांच्या वस्तीला हात लावायला मनाई करतो. जानोच्या फटी आणि तिची मुदत यांच्याशी या आज्ञेचे नाते मला दिसते, घेरीशी दिसत नाही.

दुसरा आक्षेप कोळ्यांवरच आहे, आणि तो करणारे लोक सरोवराला जवळून ओळखतात. झिरो जाळ कोळीही वापरतात, सहकारी संस्थेला मिळालेले पाणी काही गावे गुपचूप घेरीवाल्यांना भाड्याने देतात, मग त्यांना निर्दोष कसे म्हणायचे? त्यांना निर्दोष म्हणायची माझी इच्छाही नाही. वाट अडवणारा केउट असला म्हणून ती अडवणूक धर्म ठरत नाही. पण दोषाचे वाटप करताना कर्ज कोणाचे आहे हे पाहावे लागते. होडी, इंजिन, जाळे यांसाठी व्यापाऱ्याची उचल घेतलेला माणूस मासळी त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच भावाने देतो. मासळी घटली की कर्ज वाढते आणि कर्ज वाढले की पाणी भाड्याने जाते. त्या क्षणी निर्णयाची सही कोळ्याची असली तरी निर्णय दुसरीकडे झालेला असतो. इथेच जातीचाही मुद्दा येतो. काठावरच्या शेतमजुराला, जो कोळी जातीत जन्मला नाही, त्याला सरोवरात उतरायचा हक्क का नसावा? जन्मावरून पाणी वाटायचे आणि वर त्याला परंपरेचे नाव द्यायचे, हे मलाही पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हीन मानलेल्या माणसाला त्याच हीनतेच्या जोरावर पाण्यावरचा हक्क मागावा लागणे ही शोकांतिकाच आहे. म्हणून माझा युक्तिवाद जातीच्या मक्तेदारीचा नाही. हक्काचा आधार आचरण असावा. जो पाण्यात उतरून जाळे टाकतो, मोठी मासळी घेतो, लहान सोडतो आणि हंगामाअखेर पाणी मोकळे ठेवून जातो, तो कोणत्याही जातीचा असो, त्याचा हक्क समजू शकतो. मात्र प्रत्यक्षात काठावरचा भूमिहीन मजूर क्वचितच घेरीचा मालक होतो. तो तिथे राखणदार म्हणून उभा असतो. त्याच्या नावाने मागितलेला हक्क बहुतेक वेळा ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्या पदरात पडतो.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, म्हणून ते लुटले जाते. पाण्याला मालक नेमला तर तो ते जपेल. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये सामाईक मालमत्तेच्या नाशाबद्दल जे लिहिले त्याचा हा लोकप्रिय गोषवारा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखवले की सामाईक म्हणजे बेवारस नव्हे. नियम, देखरेख आणि दंड यांनी बांधलेली सामाईक व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. त्यांना 2009 मध्ये नोबेल मिळाले तरी धोरणांत हार्डिनच जास्त वेळा जिंकतात. चिलिकामध्ये मात्र मालक नेमण्याची परीक्षा झालेली आहे. घेरीचा मालक आपल्या चौकोनाला जपतो यात शंका नाही, रात्री पहाराही ठेवतो. पण खैंगा त्याच्या चौकोनात जन्मत नाही आणि त्याच्या चौकोनात मरत नाही. फिरत्या जिवाचे पाणी तुकड्यांनी वाटले की प्रत्येक मालक आपला तुकडा राखतो आणि तुकड्यांमधली वाट कोणाचीच राहत नाही. इथे तुकड्याच्या मालकीनेच सामाईक वस्तूचा नाश घडवला. कौटिल्याने सेतू बांधून केलेल्या जलाशयांतली मासळी राजाच्या स्वामित्वाची मानली खरी. तरी राज्यसत्ता कशासाठी असते हे सांगताना त्याने उपमा दिली ती मत्स्यन्यायाची: दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो. पाण्यावर स्वामित्व सांगणाऱ्या राज्याने पहिले काम तेच करायला हवे होते, आणि चिलिकामध्ये घेऱ्या उभ्या राहताना नेमके तेच झाले नाही.

उरला खाणारा. मनूच्या यादीत तो शेवटी येतो, आणि माझ्या मते त्याने शेवटीच येऊन भागत नाही. मराठी घरांत श्रावणात मासळी बंद असते आणि कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मग होडी लोटतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची सरकारी बंदीही त्याच पावसाळ्यात येते, जो अनेक माशांच्या विणीचा काळ असतो. या व्रतांमागचे मूळ कारण काहीही असो, त्यांत खाणाऱ्याने स्वतःला घातलेली मुदत आहे, आणि ती मुदत माशाच्या वाटेशी जुळते. व्यक्तिगत शुद्धीसाठी पाळलेले व्रत अशा जागी पोचते तेव्हा ते माशाच्याही उपयोगाला येते. हेच व्रत घेरीतल्या कोळंबीला लावून पाहायला हवे. ती बाराही महिने ताटात असते, तिचे खाणारे तिचे पाणी कधी पाहत नाहीत, आणि तिच्या पायी किती पिल्ले फेकली गेली हे विक्रीच्या पावतीवर लिहिलेले नसते. श्रावण पाळणाऱ्याने भाद्रपदात ती विकत घेतली की अनुमोदन तेच राहते. म्हणून भाडेपट्ट्याच्या करारात, आणि खाणाऱ्याच्या विवेकातही, पहिली अट एकच असावी: हे पाणी वापरताना माशाची कोणती वाट उघडी राहील? तिचे समाधानकारक उत्तर देता येत नसेल तर मासेमार सहकारी संस्थेलाही पट्टा मिळू नये आणि कोणत्याही उद्योगालाही मिळू नये. शिवाय ही अट एकदा पाळून संपत नाही. सिपकुडाजवळच्या किनाऱ्यावर वाळू सरकणे थांबलेले नाही, आणि मोडलेल्या घेऱ्यांचे खांब पुढच्या हंगामात पुन्हा रोवले जातात. मुखाची पाहणी, वाहिन्यांतला गाळ काढणे आणि बेकायदा जाळी उचलणे ही दरवर्षीची कामे आहेत. ती करण्याची जबाबदारी पाण्याला अनुमती देणाऱ्या सरकारची आहे. त्यांच्या खर्चाचा वाटा पाण्यातून सर्वांत जास्त पैसा नेणाऱ्या निर्यातदाराकडून घेतला जावा. जाळे ओढून पोट भरणाऱ्या केउटाकडून तो मागणे अन्यायाचे होईल.